पेढीपासून अर्थमंत्रालयापर्यंत : टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्थमंत्र्यांची नावं आठवायला सांगितली की मराठी माणूस चिंतामणराव देशमुखांपासून सुरुवात करतो. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी दिलेला राजीनामा आपल्याला पाठ असतो. पण देशमुखांनी सोडलेल्या खुर्चीवर पुढे कोण बसलं, हे विचारलं की बहुतेक जण थबकतात. ते होते टी. टी. कृष्णम्माचारी, दिल्लीच्या बोलीत ‘टीटीके’. मद्रासचे व्यापारी, संविधानाच्या मसुदा समितीचे सदस्य, दोनदा अर्थमंत्री, आणि दोन्ही वेळा मुदत संपण्याआधी राजीनामा देऊन बाहेर पडलेले. त्यांच्याविषयी वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते माझं म्हणून लिहिलं आहे.

टीटीके म्हणजे प्रेस्टिज कुकरवाले टीटीके का?

हो, घराणं तेच. तिरुवल्लूर तट्टै कृष्णम्माचारी यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९९ चा. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिक्षण झालं आणि १९२८ मध्ये त्यांनी मद्रासमध्ये ‘टीटीके अँड कंपनी’ सुरू केली. हा कारखाना नव्हता, वितरणाची पेढी होती. परदेशी कंपन्यांचा साबण, सौंदर्यप्रसाधनं, खाद्यपदार्थ असा घरगुती वापराचा माल दक्षिणेतल्या गावोगावच्या दुकानांपर्यंत पोचवणं हा तिचा धंदा. प्रेशर कुकर फार नंतर, पुढच्या पिढीच्या काळात आला. तोवर टीटीके दिल्लीत मंत्री होऊन काही वर्षं उलटली होती.

हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. गिरणीमालकाची मनोवृत्ती वेगळी असते आणि वितरकाची वेगळी. गिरणीमालक यंत्रं, कामगार, कच्चा माल यांत वर्षानुवर्षं अडकलेला असतो. वितरकाचं सगळं भांडवल म्हणजे वेग आणि शब्द. माल आज उचलायचा, उद्या पोचवायचा, आणि कित्येक व्यवहार नुसत्या तोंडी भरवशावर पार पाडायचे. ही सवय टीटीके मंत्रालयात बरोबर घेऊन आले, असं त्यांची कारकीर्द वाचताना सतत जाणवतं. तिने त्यांना मोठं केलं, आणि अडचणीत आणलं तेही तिनेच.

ते राजकारणात कसे आले? काँग्रेसच्या चळवळीतून?

नाही. १९३७ मध्ये ते मद्रास प्रांताच्या विधानसभेत अपक्ष म्हणून निवडून गेले. तुरुंगवास, सत्याग्रह ही त्या पिढीची नेहमीची वाट त्यांची नव्हती. १९४२ मध्ये ते दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात आले, पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि संविधान सभेवर मद्रासचे प्रतिनिधी झाले. पक्षात त्यांची स्वतःची फळी कधीच उभी राहिली नाही. त्यांचा आधार म्हणजे नेहरूंचा विश्वास आणि स्वतःची तल्लख बुद्धी. धंदा त्यांनी मुलांच्या हाती सोपवला. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यावं लागेल.

बाबासाहेबांविषयीचं ते प्रसिद्ध भाषण त्यांचंच ना?

त्यांचंच. दिवस ५ नोव्हेंबर १९४८. संविधानाच्या मसुद्यावर चर्चा सुरू असताना टीटीकेंनी सभागृहाला मसुदा समितीची आतली स्थिती सांगितली. सात जणांपैकी एकाने राजीनामा दिला, त्याची जागा भरली गेली. एकाचं निधन झालं, ती जागा रिकामी राहिली. एक अमेरिकेत होते, एक संस्थानी कारभारात गुंतले होते, एक-दोघे दिल्लीपासून दूर होते आणि प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नसावं. शेवटी मसुदा तयार करण्याचा सगळा भार डॉ. आंबेडकरांवर पडला आणि तो त्यांनी ज्या रीतीने पेलला त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत, असा त्या बोलण्याचा आशय होता.

आपल्याकडे हे भाषण दर वर्षी उद्धृत होतं. ते करणारा माणूस कोण, हे मात्र बहुतेकदा सांगितलं जात नाही. भाषणाच्या वेळी टीटीके त्या समितीत नव्हते. देवीप्रसाद खेतान यांच्या निधनाने जी जागा रिकामी असल्याचं त्यांनी सांगितलं, तीच पुढे १९४९ मध्ये त्यांना मिळाली. म्हणजे ही साक्ष समितीबाहेर राहून काम पाहणाऱ्याची आहे. त्यामुळे तिचं वजन वाढतं असं मला वाटतं.

हिंदीला त्यांचा विरोध होता का?

लादलेल्या हिंदीला होता. त्याच दिवशी, त्याच सभागृहात त्यांनी उत्तरेकडच्या सदस्यांना बजावलं की अखंड भारत हवा की ‘हिंदी भारत’, हे ठरवणं तुमच्या हाती आहे. दक्षिणेत वेगळं होण्याची भाषा करणारे लोक आहेत, त्यांचे हात बळकट होतील असं वागू नका, हा त्यामागचा इशारा होता.

मंत्री म्हणून त्यांना पहिलं खातं कोणतं मिळालं?

वाणिज्य आणि उद्योग. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मद्रासमधून लोकसभेवर निवडून आल्यावर मे महिन्यात नेहरूंनी त्यांना हे खातं दिलं. १९५५ मध्ये पोलाद खात्याची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. भिलाई (सोव्हिएत मदतीने), राउरकेला (जर्मन कंपन्यांच्या साहाय्याने) आणि दुर्गापूर (ब्रिटिश सहकार्याने) हे तीन सरकारी पोलाद कारखाने आकार घेत होते तो हा काळ.

आयुष्यभर परदेशी माल विकलेल्या या माणसाने मंत्री झाल्यावर तो माल देशातच तयार व्हावा म्हणून आयातीचे दरवाजे आवळले. कोणत्या मालात किती नफा सुटतो, कोणता माल इथे सहज बनू शकतो, हे त्यांना फायली वाचून शिकावं लागलं नाही. हातमागाच्या बाबतीतही तसंच. मद्रास प्रांत हा विणकरांचा मुलूख. १९५३ मध्ये गिरणीच्या कापडावर जादा अबकारी कर बसवून त्यातून खादी आणि हातमागाला पैसा पुरवण्याचा कायदा झाला, तो टीटीके वाणिज्यमंत्री असताना. आपल्या विट्या-इचलकरंजीपासून सोलापूरपर्यंतच्या मागवाल्यांपर्यंतही या धोरणाचे परिणाम पोचले.

देशमुखांच्या जागी त्यांची निवड कशी झाली?

जुलै १९५६ मध्ये चिंतामणरावांनी मंत्रिमंडळ सोडलं. महिनाभर अर्थखातं नेहरूंनी स्वतःकडे ठेवलं आणि ऑगस्टच्या अखेरीस टीटीकेंच्या हाती दिलं. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती. सरकारी क्षेत्राचा खर्च ४,८०० कोटी रुपये, आणि परदेशी चलनाची गंगाजळी झपाट्याने आटत चाललेली. योजनेवर विश्वास असलेला, पैसा उभा करण्याची धमक असलेला माणूस नेहरूंना हवा होता.

जाता जाता एक नोंद. स्वतंत्र भारताचे पहिले चार पूर्णवेळ अर्थमंत्री म्हणजे षण्मुखम चेट्टी, जॉन मथाई, देशमुख आणि टीटीके. चौघेही राजीनामा देऊनच बाहेर पडले. चेट्टींचा राजीनामा करचौकशीतून काही नावं वगळल्याच्या वादातून, मथाईंचा नियोजन आयोगाच्या अधिकारांवरून, देशमुखांचा मुंबईवरून आणि टीटीकेंचा मुंदडा प्रकरणातून. आज मंत्र्यांचे राजीनामे किती दुर्मीळ झाले आहेत हे पाहिलं की ती दहा वर्षं फार दूरची वाटतात.

व्यापारी असून त्यांनी श्रीमंतांवरच कर लादले, हे खरं?

खरं आहे. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डोर यांनी १९५६ मध्ये भारताच्या करव्यवस्थेवर अहवाल दिला होता. माणसाला फक्त उत्पन्नावरून जोखू नका, त्याची मालमत्ता, त्याचा खर्च, मालमत्ता विकून झालेला नफा हे सगळं एकत्र पाहा म्हणजे कर चुकवायला जागा उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. टीटीकेंनी ते मनावर घेतलं. नोव्हेंबर १९५६ मध्ये भांडवली नफ्यावरचा कर परत आणला. मे १९५७ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर आणला आणि खर्चावरचा करही आणला.

उद्योगपती भडकले. हा तर आपल्यातला माणूस, अशी त्यांची समजूत होती. पण झळ फक्त त्यांनाच बसली असं नाही. त्याच अर्थसंकल्पात प्राप्तिकराची सूट-मर्यादा वर्षाला ४,२०० रुपयांवरून ३,००० रुपयांवर आणली गेली आणि कारकून-मास्तरांच्या घरातही कर शिरला. हे दुसरं अंग टीटीकेंचं कौतुक करताना विसरलं जातं.

खर्च कर फार काळ टिकला नाही. १९६२ मध्ये तो रद्द झाला, १९६४ मध्ये टीटीकेंनीच तो परत आणला आणि १९६६ मध्ये तो पुन्हा गेला. संपत्ती कर मात्र २०१५ च्या अर्थसंकल्पापर्यंत जगला. कल्पना म्हणून कॅल्डोरची मांडणी सुबक होती. पण ती सबंध व्यवस्था म्हणून मांडलेली होती आणि आपण तिचे तुकडे उचलले. शिवाय इतके कर बारकाईने तपासायला लागणारी यंत्रणा प्राप्तिकर खात्याकडे नव्हती. इथेही मला वितरकाची घाईच दिसते. माल बाजारात उतरवून मोकळं व्हायचं, मागची व्यवस्था पुढे बघू.

‘नवा पैसा’ त्यांनी आणला का?

कायदा १९५५ मध्येच, देशमुखांच्या काळात झाला होता. अंमल मात्र १ एप्रिल १९५७ रोजी, टीटीके अर्थमंत्री असताना सुरू झाला. सोळा आण्यांचा आणि चौसष्ट पैशांचा रुपया त्या दिवशी शंभर नव्या पैशांचा झाला. १ जून १९६४ रोजी नाण्यांवरच्या नावातला ‘नया’ शब्द काढला गेला तेव्हाही अर्थमंत्री तेच होते.

रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांशी त्यांचं काय बिनसलं?

सर बेनेगल रामा राव १९४९ पासून गव्हर्नर होते. इतका दीर्घ काळ त्या पदावर दुसरं कोणीही राहिलेलं नाही. नोव्हेंबर १९५६ च्या करप्रस्तावांत टीटीकेंनी व्यापारी हुंड्यांवरचं (ठरल्या मुदतीने पैसे देण्याच्या लेखी वचनांवरचं) मुद्रांक शुल्क बरंच वाढवलं. दिसायला ही महसुलाची बाब. पण बँका अशाच हुंड्यांच्या आधारावर रिझर्व्ह बँकेकडून पैसे उचलत, त्यामुळे शुल्क वाढलं की बँकांना ते कर्ज महाग पडणार. म्हणजे व्याजदर ठरवण्याचं रिझर्व्ह बँकेचं काम आडवाटेने अर्थमंत्र्यांनी उरकलं. रामा राव यांनी हरकत घेतली. टीटीके त्यांच्याशी कठोर बोलले, आणि रिझर्व्ह बँक हा सरकारचाच एक विभाग आहे ही आपली धारणा त्यांनी लपवली नाही. नेहरू मंत्र्यांच्या बाजूने उभे राहिले. जानेवारी १९५७ मध्ये गव्हर्नरांनी राजीनामा दिला. के. जी. आंबेगावकरांनी काही आठवडे पद सांभाळलं आणि १ मार्चपासून एच. व्ही. आर. अय्यंगार आले.

गव्हर्नर आणि सरकार यांच्यात आजही खटके उडाले की रामा रावांचं उदाहरण निघतं. माझ्या मते या प्रसंगात टीटीके चुकले. शुल्क वाढवण्याचा अधिकार त्यांना नक्कीच होता. पण ज्या संस्थेच्या अंगणात आपण पाऊल टाकतो आहोत तिला आधी विचारायला हवं होतं. वर्षभरातच, दुसऱ्या एका संस्थेच्या अंगणात असंच झालं.

मुंदडा प्रकरण नेमकं काय होतं?

आयुर्विमा महामंडळ म्हणजे एलआयसी १ सप्टेंबर १९५६ रोजी सुरू झालं. २४५ विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह संस्था त्यात विलीन झाल्या होत्या. लाखो साध्या माणसांनी हप्त्या-हप्त्याने जमवलेला पैसा एकाच सरकारी तिजोरीत आला. तो कुठे गुंतवायचा, हे ठरवण्यासाठी महामंडळाची गुंतवणूक समिती होती.

हरिदास मुंदडा हे कलकत्त्याचे उद्योजक आणि सट्टेबाज. शेअर बाजारात धडाधड खरेदी करून कंपन्या ताब्यात घेणं ही त्यांची पद्धत. १९५७ पर्यंत ते कर्जात बुडाले होते. जूनच्या अखेरीस एलआयसीने त्यांच्या सहा कंपन्यांचे शेअर विकत घेतले : रिचर्डसन अँड क्रुडास, जेसॉप, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प्स, अँजेलो ब्रदर्स आणि ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन. रक्कम सव्वा कोटी रुपयांच्या आसपास. शेअर बाजारातून खरेदी झाली नाही, थेट मुंदडांकडून झाली. गुंतवणूक समितीला आधी विचारलं गेलं नाही. कारण असं सांगितलं गेलं की मुंदडा कोसळले तर कलकत्त्याचा बाजार कोसळेल, तो सावरायला हवा होता.

संसदेत याबद्दल आलेल्या सुरुवातीच्या प्रश्नांना गोलगोल उत्तरं मिळाली. मग १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी उभे राहिले. ते रायबरेलीचे काँग्रेस खासदार आणि नेहरूंचे जावई. विमा राष्ट्रीयीकरणाआधी खासगी विमा कंपन्यांची लबाडी चव्हाट्यावर आणणारेही तेच. त्यांनी व्यवहाराच्या तारखा, भाव आणि आकडे एकामागून एक मांडले. स्वतःच्या पक्षाचं सरकार, पंतप्रधान सासरे, आणि समोर त्यांचे आवडते अर्थमंत्री. संसदेच्या इतिहासात अशी भाषणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील.

छागला आयोगाने काय केलं?

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला. जानेवारी १९५८ मध्ये मुंबईत सुनावणी झाली आणि ती सर्वांसाठी खुली होती. आत जागा पुरेना म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री, त्यांचे प्रधान सचिव एच. एम. पटेल, एलआयसीचे अध्यक्ष जी. आर. कामत आणि रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर अय्यंगार यांच्या साक्षी सामान्य मुंबईकरांनी आपल्या कानांनी ऐकल्या. आणि हे सगळं महिन्याभराच्या आत संपलं! १० फेब्रुवारीला अहवाल सरकारच्या हाती होता. आपल्याकडे चौकशी आयोगांना मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळताना आपण पाहतो, म्हणून ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो.

मग टीटीके दोषी होते का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि एका शब्दात त्याचं उत्तर देणं त्यांच्यावर अन्याय ठरेल.

त्यांनी या व्यवहारात पैसे खाल्ले असं आयोगाने म्हटलं नाही. वाद वेगळाच होता. पटेलांचं म्हणणं, मंत्र्यांच्या संमतीने झालं. टीटीकेंचं म्हणणं, या खरेदीला मी होकार दिला नव्हता. जूनच्या त्या दिवसांत ही सगळी मंडळी मुंबईत एकमेकांना भेटत होती. कोण कोणाला काय बोललं, यावर सगळी भिस्त. कागदावर काहीच नाही.

छागलांनी या शब्दाला शब्द असलेल्या भांडणात फार वेळ घालवला नाही. संसदीय लोकशाहीत सचिवाच्या कृतीची पूर्ण जबाबदारी मंत्र्याचीच, असं त्यांनी स्पष्ट केलं. माझ्या हाताखालच्या माणसाने माझं धोरण नीट राबवलं नाही किंवा माझ्या इच्छेविरुद्ध केलं, असं म्हणून मंत्र्याला सुटका करून घेता येणार नाही. सरकारने स्वायत्त महामंडळांच्या कारभारात ढवळाढवळ करू नये, असंही त्यांनी लिहिलं. आणि करायचीच असेल तर लेखी आदेश देण्याची जबाबदारी टाळू नये. संसदेला शक्य तितक्या लवकर विश्वासात घ्यावं, ही तिसरी गोष्ट.

यातल्या लेखी आदेशाच्या वाक्यापाशी मी दर वेळी थांबतो. टीटीके ज्या जगातून आले तिथे शब्द पुरेसा होता. पेढीवर मालकाने मान हलवली की मुनीम समजतो आणि माल हलतो. उद्या व्यवहार अंगलट आला तर तोटा पेढीचा, म्हणजे मालकाचाच. सरकारात मात्र पैसा परक्याचा असतो. इथे तो विम्याचे हप्ते भरणाऱ्यांचा होता. म्हणून कागद लागतो. मान हलली होती की नाही हे तिसऱ्या माणसाला कळायचा दुसरा मार्गच नसतो.

त्यांनी राजीनामा लगेच दिला का?

फेब्रुवारी १९५८ मध्ये, अहवालापाठोपाठ. नेहरूंनी जड मनाने तो स्वीकारला. या प्रकरणात तुमचा वाटा फार थोडा होता, असं त्यांचं मत होतं. अर्थसंकल्प अवघ्या दोन आठवड्यांवर आलेला, त्यामुळे २८ फेब्रुवारीला तो पंतप्रधानांनाच मांडावा लागला. मार्चमध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री झाले.

टीटीकेंना शिक्षा जरा जास्त झाली, असं मानणारे बरेच आहेत. व्यक्ती म्हणून पाहिलं तर मलाही तसं वाटतं. पण खात्याच्या चुकीची किंमत खातेप्रमुख मोजतो, हे नव्या देशाने त्या वेळी पाहिलं याचं मोल मोठं आहे. नेहरूंनी मित्राला वाचवायचं ठरवलं असतं तर त्यांना अडवणारं फारसं कोणी नव्हतं.

प्रकरणातल्या बाकीच्यांचं पुढे काय झालं?

हरिदास मुंदडा तुरुंगात गेले. एच. एम. पटेल सनदी सेवेतून बाहेर पडले, गुजरातच्या राजकारणात आले आणि १९७७ मध्ये जनता सरकारात स्वतःच अर्थमंत्री झाले. फिरोज गांधी १९६० मध्ये वारले, जेमतेम ४७ वर्षांचे होते. आणि छागला? ते अमेरिकेत राजदूत झाले आणि १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये नेहरूंनी त्यांना शिक्षणमंत्री केलं. त्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते टीटीके. ज्याच्या अहवालामुळे पद गेलं त्या माणसाच्या शेजारी पाच वर्षांनी एकाच टेबलाशी बसायचं, हे दोघांनीही निभावलं.

ते परत कसे आले?

१९६२ च्या निवडणुकीत तमिळ मुलखातल्या तिरुचेंदूर मतदारसंघातून ते बिनविरोध निवडून आले. नेहरूंनी आधी बिनखात्याचे मंत्री म्हणून घेतलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चीनचं युद्ध झालं. यशवंतराव चव्हाण सह्याद्रीवरून हिमालयाकडे गेले त्याच नोव्हेंबरात टीटीकेंसाठी ‘आर्थिक आणि संरक्षण समन्वय’ असं नवं खातं निर्माण झालं. कारखाने, कच्चा माल आणि परदेशी मदत यांची सांगड लष्कराच्या गरजांशी घालायची, असं ते काम. पुरवठा हा त्यांचा मूळचाच विषय. पुढे ऑगस्ट १९६३ मध्ये कामराज योजनेखाली (ज्येष्ठ नेत्यांनी पद सोडून पक्षाचं काम करावं, अशी ती योजना) मोरारजींनी पद सोडलं आणि टीटीके दुसऱ्यांदा अर्थमंत्री झाले. २७ मे १९६४ रोजी नेहरू गेले, तरी लालबहादूर शास्त्रींनी त्यांना त्याच खात्यावर कायम ठेवलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी काय केलं?

माझ्या मते त्यांचं सर्वांत टिकाऊ काम याच काळातलं आहे. १९६४ मध्ये दोन संस्था उभ्या राहिल्या, दोन्ही मुंबईत. उद्योगांना दीर्घ मुदतीचं कर्ज देणारी आयडीबीआय १ जुलैला सुरू झाली. आणि युनिट ट्रस्टने त्याच जुलैपासून दहा रुपयांचं युनिट सामान्य माणसाला विकायला सुरुवात केली. शेअर बाजार म्हणजे सट्टा, असं मानणाऱ्या मध्यमवर्गाला थोड्या पैशात कंपन्यांच्या वाढीत वाटा मिळावा, ही कल्पना होती. ‘यूएस-६४’ ही युनिटांची योजना पुढे २००१ मध्ये संकटात सापडली, पण त्याआधी दोन पिढ्यांच्या पगारदारांनी तिच्यावर मुलींची लग्नं आणि मुलांची शिक्षणं पार पाडली. देशातल्या म्युच्युअल फंडांचा धंदा तिथूनच सुरू होतो.

रुपयाच्या अवमूल्यनाला त्यांचा ठाम विरोध होता. जागतिक बँकेकडून दबाव वाढत होता तरी ते बधले नाहीत. ते गेल्यानंतर पाच महिन्यांनी, ६ जून १९६६ रोजी, डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला.

दुसरा राजीनामा कशामुळे?

मुलांच्या धंद्यामुळे. वडिलांच्या पदाचा लाभ कुटुंबाच्या कंपन्यांना होतो, असे आरोप काही खासदारांनी केले. पंतप्रधान शास्त्रींचा विचार होता की एका वरिष्ठ न्यायाधीशाने प्राथमिक नजर टाकून मत द्यावं. टीटीकेंना ते मान्य नव्हतं. तुमचा माझ्यावर विश्वास असेल तर तसं तुम्हीच सांगा, न्यायाधीशाकडे कशाला पाठवता, ही त्यांची भूमिका. शास्त्री हटले नाहीत आणि १९६५ च्या डिसेंबरअखेर टीटीकेंनी पद सोडलं. कलकत्त्याचे बॅरिस्टर सचिंद्र चौधरी अर्थमंत्री झाले. दोन आठवड्यांच्या आत शास्त्रींचं ताश्कंदला निधन झालं.

एकदा उघड चौकशीत होरपळलेल्या माणसाला पुन्हा त्या पिंजऱ्यात उभं राहणं नको वाटलं असेल, हे मी समजू शकतो. तरीही शास्त्रींचंच बरोबर होतं असं मला वाटतं. पंतप्रधानांचं प्रशस्तिपत्रक मित्राने मित्राला दिलेलं ठरलं असतं. तटस्थ माणसाने फाइल पाहून काही गैर नाही म्हटलं असतं, तर टीटीकेंचं नाव कायमचं निर्मळ झालं असतं. ती संधी त्यांनी स्वतःच नाकारली, आणि आरोप सिद्धही झाले नाहीत, खोडलेही गेले नाहीत.

उद्योजक मंत्री झाला तर त्याच्या धंद्याचं काय करायचं, याचा नियम आहे का?

आहे, आणि गंमत म्हणजे तो याच काळातला आहे. मंत्र्यांसाठीची आचारसंहिता १९६४ मध्ये आली. तिच्यानुसार पद घेताना मंत्र्याने आपली आणि कुटुंबाची मालमत्ता, देणी आणि व्यावसायिक हितसंबंध पंतप्रधानांना कळवायचे. मालकी ठेवता येते, पण धंद्याच्या व्यवस्थापनाशी संबंध तोडायचा. धंदा सरकारला माल किंवा सेवा पुरवत असेल तर मालकीही सोडायची. मात्र ती पती किंवा पत्नी वगळता, आधीपासून त्या धंद्यात असलेल्या कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीकडे देता येते.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. मुलाच्या नावावर करून मंत्री होता येतं. टीटीकेंच्या दुसऱ्या राजीनाम्याने ज्या फटीकडे बोट दाखवलं तीच फट नियमात राहिली आहे. शिवाय ही संहिता म्हणजे कायदा नाही. केंद्रीय मंत्र्यांच्या बाबतीत ती पाळली जाते की नाही हे पंतप्रधानांनी पाहायचं असतं. कायद्याचं बंधन आहे ते वेगळं : लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे सरकारला माल पुरवण्याचं किंवा सरकारी काम करण्याचं कंत्राट ज्याच्या नावावर चालू आहे, तो खासदार किंवा आमदार राहू शकत नाही. कंत्राट मुलाच्या नावावर असेल तर हे कलम लागत नाही.

त्या काळात उद्योगातून आलेले ते एकटेच मंत्री होते का?

नाही. पहिल्याच मंत्रिमंडळात वाणिज्य खातं मुंबईचे पारशी व्यावसायिक सी. एच. भाभा यांच्याकडे होतं, आणि जॉन मथाई टाटांकडून आले होते. पण हे लोक थोड्या काळासाठी आले आणि परतले. राजकारणातच आयुष्य घालवणारे, निवडणुका लढवून लोकसभेत बसणारे आणि पडून पुन्हा उठणारे त्यांच्यातले टीटीकेच.

त्यांच्या खुणा आज कुठे दिसतात?

चेन्नईत. ७ मार्च १९७४ रोजी ते गेले. पूर्वीचा मोब्रेज रोड आता टीटीके रोड म्हणून ओळखला जातो. त्याच रस्त्याच्या टोकाला म्युझिक अकादमी आहे. तिच्या सभागृहालाही त्यांचंच नाव आहे, आणि दर डिसेंबरात मार्गळी या तमिळ महिन्यातल्या संगीत महोत्सवासाठी गावोगावचे रसिक तिथे रांगा लावतात.